यादीतला क्रमांक : अमेरिकी वैमानिक संघटनेची वाटचाल

२७ जुलै १९३१ रोजी शिकागोच्या मॉरिसन हॉटेलात मोजके वैमानिक गुपचूप जमले आणि त्यांनी 'एअर लाइन पायलट्स असोसिएशन' स्थापन केली. आद्याक्षरांवरून तिला 'अल्पा' म्हणतात आणि तेव्हा ती होतीही अल्पच. मालकाला कुणकुण लागली तर नोकरीवर गदा येणार, म्हणून ही गुप्तता. टपालाची विमाने चालवणारा डेव्हिड बेंकी पहिला अध्यक्ष झाला.

पगार हे एकमेव कारण नव्हते. अमेरिकी टपाल खात्याने सुरुवातीला नेमलेल्या ४० वैमानिकांपैकी ३१ जण अपघातांत दगावले होते. धुके असो की वादळ, टपाल वेळेवर पोचले पाहिजे, हा वरिष्ठांचा हट्ट. नाही म्हणणाऱ्याला नारळ. म्हणून संघटनेने बोधवाक्य निवडले 'शेड्यूल विथ सेफ्टी'. वेळापत्रक पाळू, पण जीव सांभाळून.

पहिली कसोटी १९३२च्या फेब्रुवारीत लागली. शिकागोच्या सेंच्युरी एअरलाइन्सचे मालक ई. एल. कॉर्ड यांनी पगार कापले आणि कपात न मानणाऱ्यांना दार बंद केले. बेंकीने हे भांडण थेट वॉशिंग्टनला नेले. पुढे न्यूयॉर्कचे महापौर झालेले ला गार्डिया तेव्हा संसदेत होते. त्यांनी वैमानिकांची बाजू मांडली. मालकाच्या दारात जे मिळत नाही ते कायदेमंडळात मिळवावे, हा धडा संघटनेने तिथे गिरवला. १९३४च्या सरकारी 'निर्णय क्रमांक ८३'ने महिन्याला जास्तीत जास्त ८५ तास उड्डाण ही मर्यादा घातली आणि पगाराचे सूत्र ठरवून दिले. १९३६ मध्ये रेल्वे कामगारांचा कायदा विमान कंपन्यांना लागू झाला. १९३९ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सबरोबर पहिला करार झाला.

अशा करारांतून एक गोष्ट पक्की होत गेली : सेवाज्येष्ठता यादी. रुजू झालेल्या दिवसावरून प्रत्येकाला क्रमांक मिळतो. कोणते विमान, कोणते शहर, कॅप्टनची खुर्ची कधी, दिवाळीसारखा त्यांचा नाताळ घरी की आकाशात, सारे त्या क्रमांकावर. मोठ्या विमानाला पगार मोठा, त्यामुळे मिळकतही त्यावरच. साहेबाची मर्जी संपली, वशिला संपला. पण कंपनी सोडली की क्रमांकही तिथेच राहतो. वीस वर्षांचा कॅप्टन दुसरीकडे गेला तर यादीच्या तळाशी, कालच्या पोराच्या खाली.

या क्रमांकाची खरी परीक्षा विमाने निवृत्त होताना होते. एखाद्या जातीचा ताफा मोडीत निघाला की त्यावरचे वैमानिक आपल्या ज्येष्ठतेच्या जोरावर दुसऱ्या विमानावर जातात. तिथला कनिष्ठ खाली ढकलला जातो, तो आणखी कनिष्ठाला ढकलतो. प्रत्येकाला नव्या विमानाचे सिम्युलेटर प्रशिक्षण. साखळीच्या शेवटी उभा असलेला घरी बसतो. परत बोलावणे येते तेही क्रमांकानेच. कॉकपिटमधली तिसरी खुर्ची, म्हणजे फ्लाइट इंजिनिअरची जागा, अशीच गेली. दोघेच पुरेत, असा निर्वाळा १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या समितीने दिला आणि तीन जणांची विमाने जसजशी निघाली तसतशी ती खुर्चीही निघाली.

१९७८ मध्ये सरकारी नियंत्रणे उठली आणि भाड्यांची शर्यत सुरू झाली. सप्टेंबर १९८३ मध्ये फ्रँक लोरेंझोंच्या काँटिनेंटल एअरलाइन्सने दिवाळखोरी जाहीर केली, करार झुगारले आणि काही दिवसांत जवळपास निम्म्या पगारावर विमाने पुन्हा उडवली. वैमानिकांचा संप दोन वर्षे चालला आणि हरला. मात्र १९८४ मध्ये कायदा बदलला. दिवाळखोरीतही न्यायालयाला विचारल्याशिवाय करार मोडता येईना. पुढच्याच वर्षी युनायटेड एअरलाइन्सने नवागतांसाठी कमी पगाराची वेगळी श्रेणी मागितली तेव्हा २९ दिवसांचा संप झाला. सुमारे ५७० प्रशिक्षणार्थींनी, अजून यादीत नाव नसतानाही, संप मोडायला नकार दिला. त्यांच्या नोकऱ्या न्यायालयाने मिळवून दिल्या.

ईस्टर्न एअरलाइन्सचा १९८९चा संप मात्र कंपनीलाच घेऊन बुडाला. १९९१च्या जानेवारीत ती बंद पडली. ११ सप्टेंबर २००१नंतर दिवाळखोऱ्यांची रांग लागली. युनायटेडच्या वैमानिकांचे निवृत्तिवेतन २००५ मध्ये सरकारी विमा संस्थेच्या गळ्यात पडले आणि अनेकांच्या हाती ठरलेल्यापेक्षा कमी आले. करार कितीही भक्कम असो, कंपनीच्या पायाखालची जमीन गेली की तो कागद उरतो.

मोठी जखम मात्र घरातूनच झाली. २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए ही विमान कंपनी विकत घेतली आणि टीडब्ल्यूएचे बहुतेक वैमानिक यादीच्या तळाशी गेले. अमेरिकनचे वैमानिक १९६३ मध्येच अल्पा सोडून गेले होते. त्यांना परत आणण्याच्या आशेने अल्पाने टीडब्ल्यूएतल्या आपल्याच सभासदांना वाऱ्यावर सोडले, हा आरोप ज्यूरीने मान्य केला. ५ कोटी ३० लाख डॉलर मोजून ते प्रकरण मिटले. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट यांच्या विलीनीकरणात लवादाने लावलेली यादी यूएस एअरवेजच्या ज्येष्ठ वैमानिकांना पटली नाही. २००८ मध्ये त्यांनी अल्पालाच मतदानाने हटवले. आपल्याकडेही एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्यावर बोइंग ७८७चे प्रशिक्षण कोणाला, या वादातून इंडियन पायलट्स गिल्डचा २०१२चा संप ५८ दिवस चालला. मुळाशी तीच पदोन्नतीची चिंता.

२०२० मध्ये कोविडच्या साथीत डेल्टा एअरलाइन्सने एमडी-८८, एमडी-९० आणि बोइंग ७७७ एकाच वर्षात निवृत्त केली. सुमारे १८०० वैमानिकांनी मुदतपूर्व निवृत्ती घेतली. तरीही सुमारे १७०० जणांवर कपातीची टांगती तलवार होती. संघटनेने सगळ्यांच्या हमीच्या पगारी तासांत थोडी काटछाट स्वीकारून ती टाळली. तीनच वर्षांत वारा फिरला. वैमानिकांची चणचण भासू लागली आणि २०२३च्या करारात डेल्टाला चार वर्षांत ३४ टक्के पगारवाढ मान्य करावी लागली. त्याच वर्षी एअर कॅनडाचे वैमानिक अल्पात सामील झाले.

आज सभासद पाऊण लाखाहून अधिक आहेत. २०३१ मध्ये शंभर वर्षे पूर्ण होतील. उड्डाणाच्या तासांना मर्यादा आली, विश्रांतीला कायदा आला, मालकाची मनमानी आटोक्यात आली. देशभरच्या वैमानिकांची एकच ज्येष्ठता यादी असावी, ही चर्चाही अनेकदा झाली. ती यादी काही झाली नाही. कंपनी बुडाली की आजही कॅप्टन आपली बॅग उचलतो आणि दुसऱ्या यादीच्या शेवटच्या क्रमांकापासून सुरुवात करतो.