राचोलचे चर्च : जुवारीकाठावरील धर्म, सत्ता आणि मराठी ग्रंथमुद्रण

प्रस्तावना

मराठी वाङ्मयेतिहासात फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चा उल्लेख अपरिहार्यपणे येतो. त्या मानाने हा ग्रंथ जेथे छापला गेला त्या राचोलची चर्चा फारशी होत नाही. गोव्याच्या सासष्टी तालुक्यात जुवारी नदीकाठी वसलेले हे छोटे गाव ‘रायतूर’ या नावानेही ओळखले जाते. येथील ‘अवर लेडी ऑफ स्नोज’ हे चर्च सासष्टीतील सर्वांत जुन्या चर्चपैकी एक होय. प्रस्तुत लेखात या चर्चचा विचार केवळ प्रार्थनास्थळ म्हणून न करता इतिहासाचे साधन म्हणून केला आहे.

सीमेवरील गाव

राचोलचे महत्त्व नदीमुळे आणि किल्ल्यामुळे निर्माण झाले. १५४३ मध्ये सासष्टी व बारदेश हे प्रांत पोर्तुगीजांकडे आले. त्यानंतर जुवारी ही पोर्तुगीज आणि आदिलशाही प्रदेशांमधील सीमा बनली. १५६७ मध्ये सासष्टीतील देवळांचा विध्वंस झाला, त्यात राचोल किल्ल्याच्या कप्तानाचा पुढाकार होता. याच दशकात कुशस्थळीचा मंगेश, केळोशीची शांतादुर्गा आणि वेर्ण्याची म्हाळसा ही दैवते भाविकांनी नदीपलीकडे अंत्रुज महालात नेली. एका तीरावर चर्च उभी राहत असताना दुसऱ्या तीरावर विस्थापित देवतांची नवी देवळे वसत होती. राचोलच्या चर्चचा विचार या पार्श्वभूमीपासून वेगळा काढता येत नाही.

कुंकळ्ळीची घटना

१५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळी येथे जेझुइट धर्मगुरू रुडोल्फ अक्वाविवा व त्यांचे चार सहकारी ग्रामस्थांच्या हल्ल्यात मारले गेले. अक्वाविवा हे त्यापूर्वी अकबराच्या दरबारी राहून आले होते. त्यांचे मृतदेह राचोलच्या चर्चमध्ये पुरण्यात आले व पुढे ते अवशेष जुने गोवे येथे हलविण्यात आले. १८९३ मध्ये पोपनी या पाच जणांना ‘धन्य’ घोषित केले. दुसरीकडे, कुंकळ्ळीच्या गावकर प्रमुखांना असोळणे येथे बोलावून, कोणतीही चौकशी न करता ठार करण्यात आले. त्यांच्या स्मृतीसाठी कुंकळ्ळीत स्मारक उभे राहिले ते अगदी अलीकडे. एकाच घटनेतील मृतांपैकी काहींना चर्चने शतकानुशतके स्मरणात ठेवले, तर काहींची स्मृती दीर्घकाळ लोकमानसातच राहिली.

ओवी आणि मुद्रणालय

इंग्लंडमध्ये जन्मलेले स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे बहुतांश कार्य सासष्टीत झाले. राचोल येथील जेझुइट महाविद्यालयाच्या इमारतीची पायाभरणी १६०६ मध्ये झाली आणि १६१६ मध्ये राचोल येथेच ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ भाषेने मराठी, परंतु लिपीने रोमन होता. देशी लिपीत मुद्रण व्हावे अशी इच्छा स्टीफन्स यांनी १६०८ मधील पत्रात व्यक्त केली होती. ती सफल झाली नाही. स्टीफन्स यांचे कोकणी व्याकरणही त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, राचोल येथेच छापले गेले.

येथे एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. जुनी पुराणे वाचण्यास मनाई केली, तर त्यांच्या जागी आम्हांस दुसरे पुराण का देत नाही, असा प्रश्न एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने विचारल्याचा प्रसंग या ग्रंथाच्या आरंभीच येतो. अर्थात, ‘ख्रिस्तपुराणा’ची निर्मिती ही मराठीवरील प्रेमाइतकीच एका पोकळीची निष्पत्ती आहे, आणि ती पोकळी धर्मसत्तेनेच निर्माण केली होती. तरीही ती भरून काढताना त्या सत्तेला ओवीचाच आश्रय घ्यावा लागला.

समारोप

१७५९ मध्ये जेझुइटांची हकालपट्टी झाली. महाविद्यालयाची वास्तू मात्र आजही सेमिनरी म्हणून उपयोगात आहे. किल्ल्याचे प्रवेशद्वार तेवढे शिल्लक आहे. ‘ख्रिस्तपुराणा’चा गौरव करताना १५६७ विसरणे आणि १५६७ चे स्मरण करताना ओवी नाकारणे, ही दोन्ही टोके इतिहासाच्या अभ्यासकाने टाळावयास हवीत. राचोलच्या चर्चमध्ये श्रद्धा, हिंसा आणि भाषा यांचे धागे एकत्र गुंतलेले आहेत. वर्गात ‘ख्रिस्तपुराण’ शिकविताना त्याच्या ओव्यांबरोबर हा नदीकाठही विद्यार्थ्यांसमोर ठेवला, तरच त्या ग्रंथाचे यथार्थ आकलन होऊ शकेल.