दिनविशेष : १५ ऑगस्ट १९४९ – राष्ट्रपती भवनात राष्ट्रीय संग्रहालय

स्वातंत्र्याला दोन वर्षे पुरी झाली त्या दिवशी दिल्लीत राष्ट्रीय संग्रहालयाचे उद्घाटन झाले. उद्घाटक होते गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी. संग्रहालयाला स्वतःची इमारत नव्हती, म्हणून ते थेट राष्ट्रपती भवनात थाटले. कालपरवापर्यंत व्हाइसरॉय जिथे राहत, तिथेच आता देशाचा वारसा मांडला गेला!

या संग्रहालयाचे मूळ मात्र लंडनचे. १९४७-४८च्या हिवाळ्यात तिथल्या रॉयल अकादमीने भारतीय कलेचे मोठे प्रदर्शन भरवले. त्यासाठी ठिकठिकाणच्या संग्रहालयांतून वस्तू गोळा झाल्या. त्या मायदेशी परतल्यावर पुन्हा पांगू देण्याऐवजी दिल्लीत एकत्र मांडल्या गेल्या, आणि प्रांतोप्रांतीच्या मूर्ती व चित्रे एका छताखाली ‘भारतीय’ म्हणून उभी राहिली.

एकीकडे वारसा असा एकत्र येत होता, तर दुसरीकडे फाळणीत सिंधू संस्कृतीतल्या मोहेंजोदडोच्या वस्तूंचीही वाटणी झाली होती. ब्राँझची ‘नर्तिका’ भारताकडे आली. उंची जेमतेम साडेदहा सेंटीमीटर, डावा हात बांगड्यांनी भरलेला, उजवा कमरेवर. दाढीवाला ‘पुरोहित-राजा’ पाकिस्तानात गेला. सोन्याच्या आणि रंगीत दगडांच्या मण्यांचा एक हार तर चक्क तोडून निम्मा-निम्मा वाटला. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराला कुठला भारत आणि कुठला पाकिस्तान! पण दोन्ही नव्या देशांना प्राचीनत्वाचा पुरावा हवा होता, आणि कारकुनी न्याय काटेकोर होता.

संग्रहालयाच्या जनपथावरील स्वतःच्या इमारतीची कोनशिला पंडित नेहरूंनी १२ मे १९५५ रोजी बसवली. १८ डिसेंबर १९६० रोजी ती खुली झाली.