आयर्लंडमधील कौटुंबिक इतिहासाचे संशोधन

आयर्लंडमधील कौटुंबिक इतिहासाचे संशोधन म्हणजे आयरिश वंशाच्या व्यक्तींच्या पूर्वजांचा जन्म, विवाह, मृत्यू, वास्तव्य व स्थलांतर यांच्या लेखी नोंदींवरून घेतलेला शोध होय. एकोणिसाव्या शतकातील स्थलांतरामुळे आयरिश वंशाचे लोक अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यू झीलंड येथे मोठ्या संख्येने वसले. त्यामुळे हे संशोधन करणाऱ्यांत आयर्लंडबाहेरील वंशजांची संख्या लक्षणीय आहे. एकविसाव्या शतकात मूळ नोंदींच्या प्रतिमा आंतरजालावर उपलब्ध झाल्याने पूर्वी डब्लिन किंवा बेलफास्टला जाऊन करावे लागणारे बरेचसे काम घरबसल्या शक्य झाले आहे.

पार्श्वभूमी

१८४५ ते १८५२ या काळातील महादुष्काळात सुमारे १० लाख लोक मरण पावले आणि जवळपास तितक्याच लोकांनी देश सोडला. देशांतराचा हा ओघ नंतरही अनेक दशके चालू राहिला. स्थलांतरितांच्या कागदपत्रांत जन्मस्थान म्हणून बहुधा केवळ ‘आयर्लंड’ किंवा फार तर काउंटीचे नाव आढळते. त्यामुळे पूर्वजांचे नेमके गाव निश्चित करणे ही या संशोधनातील पहिली आणि बऱ्याचदा सर्वांत अवघड पायरी ठरते.

अभिलेखांचा नाश

आयरिश यादवी युद्धाच्या प्रारंभी, ३० जून १९२२ रोजी, डब्लिनमधील फोर कोर्ट्‌स या न्यायालय-संकुलातील सार्वजनिक अभिलेख कार्यालय स्फोट व आगीत नष्ट झाले. १८२१, १८३१, १८४१ व १८५१ या जनगणनांची बहुतेक कागदपत्रे, मूळ मृत्युपत्रे आणि चर्च ऑफ आयर्लंडच्या निम्म्याहून अधिक पॅरिश नोंदवह्या त्यात जळाल्या. १८६१ व १८७१ च्या जनगणनांचे मूळ तक्ते त्यापूर्वीच सरकारी आदेशाने नष्ट करण्यात आले होते, तर १८८१ व १८९१ चे तक्ते पहिल्या महायुद्धाच्या काळात लगदा करण्यासाठी देण्यात आले.

मात्र ‘१९२२ मध्ये सर्व काही जळाले’ हा समज खरा नाही. नागरी नोंदणीच्या वह्या, कॅथलिक पॅरिशांच्या नोंदवह्या, १९०१ व १९११ च्या जनगणना, ग्रिफिथचे मूल्यांकन आणि १७०८ पासूनचे दस्तऐवज नोंदणी कार्यालयाचे दप्तर सुरक्षित राहिले. नष्ट झालेल्या कागदपत्रांच्या अन्यत्र असलेल्या प्रती व उतारे एकत्र करण्यासाठी ट्रिनिटी कॉलेज, डब्लिनच्या नेतृत्वाखाली ‘व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी ऑफ आयर्लंड’ हा प्रकल्प राबवण्यात आला. तो २०२२ मध्ये, या घटनेच्या शताब्दीच्या वेळी, सर्वांसाठी खुला झाला.

प्रशासकीय विभाग

आयर्लंड बेटावर ३२ काउंटी असून त्यांपैकी ६ उत्तर आयर्लंडमध्ये आहेत. काउंटीखाली बॅरनी, नागरी पॅरिश व टाउनलँड असे विभाग येतात. टाउनलँड हा सर्वांत लहान विभाग असून त्यांची संख्या ६० हजारांहून अधिक आहे. एकाच नावाची टाउनलँड वेगवेगळ्या काउंटींत आढळतात. कॅथलिक पॅरिशची हद्द नागरी पॅरिशशी जुळतेच असे नाही. जन्ममृत्यूची नोंद पुअर लॉ युनियनच्या हद्दींवर आधारलेल्या जिल्ह्यांत होत असे व हे जिल्हे काही वेळा काउंटीची सीमा ओलांडतात. स्थलनामांची इंग्रजी व आयरिश रूपे पडताळण्यासाठी ‘लॉगइन्म’ हा शासकीय स्थलनामकोश उपयोगी पडतो.

प्रमुख अभिलेख

नागरी नोंदणी: कॅथलिकेतर विवाहांची नोंदणी १ एप्रिल १८४५ पासून, तर सर्व जन्म, मृत्यू व विवाहांची नोंदणी १ जानेवारी १८६४ पासून सुरू झाली. ‘आयरिश जीनिऑलॉजी’ या शासकीय संकेतस्थळावर १०० वर्षांपूर्वीचे जन्म, ७५ वर्षांपूर्वीचे विवाह व ५० वर्षांपूर्वीचे मृत्यू यांच्या नोंदी विनामूल्य पाहता येतात. उत्तर आयर्लंडसाठी तेथील महानिबंधक कार्यालयाची स्वतंत्र सशुल्क सेवा आहे. जन्मनोंदीत आईचे माहेरचे आडनाव मिळते. विवाहनोंदीत वधूवरांच्या वडिलांची नावे असतात, आयांची नसतात. मृत्यूच्या नोंदीत आईवडिलांची नावे नसल्याने खबर देणाऱ्या व्यक्तीचे नाव महत्त्वाचे ठरते.

जनगणना: ३१ मार्च १९०१ व २ एप्रिल १९११ च्या जनगणना राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. १९११ मध्ये विवाहित स्त्रियांना विवाहाची वर्षे, जन्मलेली अपत्ये व हयात अपत्ये यांची संख्या विचारण्यात आली होती; त्यावरून बालमृत्यू व अन्यत्र न सापडणारी भावंडे लक्षात येतात. स्वातंत्र्ययुद्धामुळे १९२१ ची जनगणना झाली नाही. पुढची जनगणना १८ एप्रिल १९२६ रोजी झाली. १०० वर्षांच्या नियमानुसार ती एप्रिल २०२६ मध्ये खुली करण्याचे ठरले.

चर्चच्या नोंदी: १८६४ पूर्वीच्या कॅथलिक कुटुंबांसाठी बाप्तिस्मा व विवाहाच्या नोंदवह्या हा मुख्य आधार आहे. कॅथलिकांवर निर्बंध घालणाऱ्या कायद्यांमुळे या वह्या उशिरा सुरू झाल्या. शहरांतील काही वह्या अठराव्या शतकातील आहेत, तर पश्चिमेकडील अनेक ग्रामीण पॅरिशांत त्या एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात किंवा त्यानंतर सुरू होतात. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने १,००० हून अधिक पॅरिशांच्या साधारण १८८० पर्यंतच्या वह्यांच्या प्रतिमा जुलै २०१५ मध्ये विनामूल्य प्रसिद्ध केल्या. त्यांवर नावानुसार शोध घेण्याची सोय नाही. नामसूची ‘ॲन्सेस्ट्री’, ‘फाइंडमायपास्ट’ व ‘रूट्स आयर्लंड’ या संकेतस्थळांवर आहेत. अनेक नोंदी लॅटिनमध्ये असून त्यांत जेम्सचे ‘याकोबुस’, तर विल्यमचे ‘गुलिएल्मुस’ असे रूप दिसते.

जमीन व कर: जनगणनेच्या तक्त्यांअभावी करविषयक दप्तरांना विशेष महत्त्व आले आहे. चर्चला द्यावयाच्या दशमांश कराच्या आकारणीची पुस्तके १८२३ ते १८३७ या काळातील आहेत. रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली झालेले मालमत्तेचे मूल्यांकन १८४७ ते १८६४ दरम्यान प्रसिद्ध झाले. त्यात कुळाचे नाव, जमीनदाराचे नाव, टाउनलँड व करपात्र मूल्य दिलेले असते. कुटुंबातील इतर व्यक्तींची नावे नसतात.

संशोधनाची पद्धत

संशोधन ज्ञात पिढीपासून मागे नेले जाते. प्रथम कुटुंबातील वयस्कर व्यक्तींच्या आठवणी, पत्रे व छायाचित्रे यांवरून नावे व अंदाजे वर्षे टिपली जातात. त्यानंतर स्थलांतरित पूर्वज जेथे स्थायिक झाले तेथील मृत्यूच्या नोंदी, थडग्यांवरील लेख, नागरिकत्वाचे अर्ज व चर्चच्या वह्या पाहून मूळ पॅरिश किंवा टाउनलँड शोधले जाते. हे ठिकाण मिळाल्यानंतर आयरिश नोंदींकडे वळणे फलदायी ठरते. नामसूचीत केवळ सारांश असल्याने व वाचनातील चुका असू शकत असल्याने मूळ प्रतिमा पाहणे आवश्यक मानले जाते. बाप्तिस्म्याच्या वेळचे धर्ममातापिता व विवाहाचे साक्षीदार बहुधा नातलग किंवा शेजारी असल्याने त्यांची नावेही नोंदवून ठेवली जातात.

सामान्य अडचणी

आडनावांपूर्वीची ‘ओ’ व ‘मॅक’ ही उपपदे अनेक कुटुंबांनी टाकली व काहींनी पुढे पुन्हा स्वीकारली. त्यामुळे ‘सलिव्हन’ व ‘ओसलिव्हन’ अशा दोन्ही रूपांत शोध घ्यावा लागतो. वयाच्या नोंदीही विश्वसनीय नसतात. १९०९ पासून ७० वर्षांवरील व्यक्तींना वृद्धापकाळ निवृत्तिवेतन मिळू लागल्यानंतर १९११ च्या जनगणनेत अनेकांचे वय १९०१ च्या तुलनेत १० वर्षांहून बरेच अधिक वाढलेले दिसते. वयाचा पुरावा म्हणून तेव्हा १८४१ व १८५१ च्या जनगणनांतून काढलेल्या उताऱ्यांचे अर्ज आजही उपलब्ध असून, मूळ तक्ते नष्ट झालेल्या कुटुंबांची तीच एकमेव नोंद ठरू शकते. उशिरा नोंदणी केल्यास दंड होत असल्याने काही पालक जन्मतारीख पुढची सांगत. परिणामी बाप्तिस्म्याची तारीख जन्मतारखेच्या आधीची आढळते.

नामसाम्यामुळे होणाऱ्या चुकीचे प्रसिद्ध उदाहरण ॲनी मूर यांचे आहे. काउंटी कॉर्कमधून आलेल्या ॲनी १ जानेवारी १८९२ रोजी न्यू यॉर्कच्या एलिस आयलंड केंद्रातून अमेरिकेत प्रवेश करणाऱ्या पहिल्या स्थलांतरित ठरल्या. पुढे टेक्ससमध्ये राहिलेली त्याच नावाची एक स्त्री म्हणजेच त्या, असे अनेक वर्षे मानले जात होते. टेक्ससमधील ती स्त्री मुळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात जन्मली होती, आणि खऱ्या ॲनी मूर यांनी आपले आयुष्य न्यू यॉर्क शहरातच व्यतीत केले होते, हे वंशावळ-संशोधक मेगन स्मोलेन्याक यांनी २००६ मध्ये दाखवून दिले. खऱ्या ॲनी यांच्या कबरीवर तोपर्यंत नावाचा दगडही नव्हता. तो २००८ मध्ये बसवण्यात आला.

नागरिकत्वासाठी उपयोग

आजी किंवा आजोबांपैकी एकाचा जन्म आयर्लंड बेटावर झाला असल्यास व्यक्तीस परदेशी जन्म नोंदवहीत नाव नोंदवून आयरिश नागरिकत्व मिळवता येते. त्याकरिता प्रत्येक पिढीची जन्म व विवाहाची अधिकृत प्रमाणपत्रे सादर करावी लागतात. संकेतस्थळावरील प्रतिमा शोधासाठी पुरेशी असली तरी प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाही.

भारतातील नोंदी

ईस्ट इंडिया कंपनीच्या युरोपीय पलटणींत आयरिश सैनिकांचा मोठा भरणा होता. १८८१ मध्ये स्थापन झालेली रॉयल डब्लिन फ्यूझिलियर्स ही पलटण मद्रास व मुंबई इलाख्यांतील कंपनीच्या जुन्या युरोपीय पलटणींच्या विलीनीकरणातून आकारास आली. बंगाल, मद्रास व मुंबई इलाख्यांतील चर्चमध्ये झालेले बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या लंडनला पाठवलेल्या प्रती ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस अभिलेखांत जतन असून त्यांच्या प्रतिमा ‘फाइंडमायपास्ट’वर आहेत. त्यामुळे आयर्लंडमध्ये ज्याचा माग लागत नाही अशा सैनिकाच्या कुटुंबाची नोंद मुंबई इलाख्यातील एखाद्या लष्करी छावणीच्या चर्चच्या वहीत सापडू शकते.