वेढ्यातील माल्टा : छायाचित्रांच्या कडेची माणसे

लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात १ मे १९४२ रोजी टिपलेले एक छायाचित्र आहे. माल्टाची राजधानी व्हॅलेटा येथील एका उद्ध्वस्त रस्त्यावर सैनिक आणि नागरिक मिळून दगडांचे ढिगारे उपसत आहेत.

सिसिलीच्या दक्षिणेचे हे चिमुकले बेट तेव्हा ब्रिटिश अमलाखाली होते. वस्ती सुमारे पावणेतीन लाख, बहुतेक सारी कॅथलिक. उत्तर आफ्रिकेकडे जाणारी शत्रूची रसद येथून तोडता येई. म्हणूनच ११ जून १९४० पासून त्यावर बॉम्ब कोसळू लागले. युद्धकाळी अधिकृत छायाचित्रकारांचे काम लोकांचा धीर दाखविण्याचे असे. त्यामुळे तोफा, विमाने आणि हसरे चेहरे आपणांस पुष्कळ दिसतात. आमची नजर मात्र कडेला उभ्या असलेल्या माणसांकडे जाते.

९ एप्रिल १९४२ रोजी मोस्टा गावच्या चर्चमध्ये अडीचशेहून अधिक भाविक जमले असता एक बॉम्ब घुमट भेदून आत पडला. पण तो फुटला नाही आणि कोणीही दगावले नाही. यास चमत्कार म्हणणाऱ्यांची श्रद्धा आम्ही जाणतो. परंतु त्याच दिवशी लुका गावी निवाऱ्यात आश्रय घेतलेली माणसे बॉम्बने मृत्युमुखी पडली. त्यांची प्रार्थना उणी पडली, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

बॉम्बपेक्षाही भूक चिवट होती. ‘व्हिक्टरी किचन’ नावाच्या सरकारी स्वयंपाकघरांपुढे बायका भांडी घेऊन रांगा लावीत. त्या जेवणासाठी शिध्यातील काही वाटा सोडावा लागे. ऑगस्टमध्ये निघालेल्या १४ मालवाहू जहाजांपैकी पाचच पोचली. त्यांतील शेवटचे, ‘ओहायो’ हे जर्जर तेलवाहू जहाज, दोन्ही अंगांनी विनाशिकांचा आधार घेत १५ ऑगस्टला, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, बंदरात शिरले. माल्टावासी त्या ताफ्यास आजही ‘सांता मारिया’चा ताफा म्हणतात.

राजे सहावे जॉर्ज यांनी एप्रिलमध्ये साऱ्या बेटास बहाल केलेले ‘जॉर्ज क्रॉस’ हे पदक १३ सप्टेंबर १९४२ रोजी व्हॅलेटातील चौकात समारंभपूर्वक देण्यात आले. जनतेच्या वतीने ते सरन्यायाधीश सर जॉर्ज बोर्ग यांनी स्वीकारले. त्या दिवशीही शिधा तुटपुंजाच होता. जहाजांचा पुढील ताफा सुखरूप पोचला तो २० नोव्हेंबरला. स्वयंपाकघरांपुढील रांगा त्यानंतरही काही काळ तशाच राहिल्या.