'पत्रकार' कोणाला म्हणायचे? कर्वीच्या वार्ताहर आणि एक पुरस्कार

आजचा थ्रेड एका पुरस्काराविषयी. उत्कृष्ट महिला पत्रकारासाठी दिला जाणारा चमेली देवी जैन पुरस्कार २००४ मध्ये 'खबर लहरिया' या ग्रामीण वृत्तपत्राच्या संपूर्ण गटाला मिळाला. तो देणाऱ्या मीडिया फाउंडेशनच्या स्थापनेत बी. जी. वर्गीस, प्रभाष जोशी यांसारखे मुरलेले संपादक होते, आणि आधीच्या मानकऱ्यांत दिल्ली-मुंबईच्या मोठ्या दैनिकांतील नावे ठळक होती.

या वेळी मानकरी होत्या उत्तर प्रदेशातील चित्रकूट जिल्ह्याच्या कर्वी गावातून बुंदेली भाषेत पत्र काढणाऱ्या दलित, आदिवासी, मुस्लिम व मागासवर्गीय स्त्रिया. त्यांतील काही जणी मोठेपणीच लिहा-वाचायला शिकलेल्या.

या पत्राचे मूळ शोधताना आपण थेट हातपंपापाशी पोहोचतो! नव्वदच्या दशकात बांदा भागात 'महिला समाख्या' कार्यक्रमातून गावोगावच्या स्त्रिया हातपंप दुरुस्त करू लागल्या. दुरुस्तीच्या नोंदी ठेवायच्या तर अक्षरे हवीत. अक्षरे आली, तर वाचायला काहीतरी हवे. त्या गरजेतून 'महिला डाकिया' हे छोटे पत्र निघाले. पुढे ते बंद पडले, तरी स्वतःचे पत्र असावे ही आस उरली. दिल्लीच्या 'निरंतर' संस्थेच्या साहाय्याने २००२ मध्ये 'खबर लहरिया' उभे राहिले.

बातमी आणायची, लिहायची, संपादित करायची, पानावर लावायची आणि अंक पिशवीत घालून गावोगाव विकायचाही, ही सगळी कामे त्याच करीत. शेवटचे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ज्या गावच्या रेशन दुकानाविषयी लिहिले, त्याच गावात अंक विकायला जायचे म्हणजे चुकीला आणि भीतीला, दोहोंना सामोरे जाणे. शहरी पत्रकारितेत वाचक इतका जवळ क्वचितच येतो.

महाराष्ट्राला ही परंपरा परकी नाही. पती वासुदेवराव यांच्या निधनानंतर 'दीनबंधु'चे संपादन सांभाळणाऱ्या तानुबाई बिर्जे आणि अहमदनगर जिल्ह्यातील खेड्यातून १९१० पासून 'दीनमित्र' चालवणारे मुकुंदराव पाटील हे याच वाटेचे पूर्वसूरी. आपल्या पत्रकारितेच्या इतिहासात मात्र त्यांच्या वाट्याला फार तर एखादा परिच्छेद येतो.

पुढे २००९ मध्ये युनेस्कोचा किंग सेजोंग साक्षरता पुरस्कारही आला. त्याचे मोल मोठेच. पण तो साक्षरतेसाठी होता. २००४ चा सन्मान पत्रकारांनी पत्रकारांना दिलेला होता, आणि हा फरक किरकोळ नाही. साक्षर झालेल्या स्त्रीचे कौतुक करायला समाज सहज तयार होतो. तिने प्रश्न विचारले की अवघड जाते.

सन्मानाच्या मर्यादाही दिसल्या. २०१५ मध्ये एका अज्ञात माणसाने या वार्ताहरांना कित्येक महिने फोनवरून अश्लील धमक्या दिल्या. पोलिसांकडे तक्रारी झाल्या, तपास रेंगाळला. अखेर इतर माध्यमांनी हे प्रकरण लावून धरले, तेव्हा त्याला अटक झाली. मानपत्राने जे साधले नव्हते, ते समव्यावसायिकांच्या बातम्यांनी साधले.

एव्हाना पत्र छापील पानांवरून मोबाइलच्या पडद्याकडे वळत होते. याच स्थित्यंतरावर रिंटू थॉमस व सुष्मित घोष यांनी 'रायटिंग विथ फायर' हा माहितीपट केला. २०२१ मध्ये सनडान्स महोत्सवात तो गौरवला गेला आणि २०२२ च्या ऑस्करसाठी त्याला नामांकन मिळाले. जगभर कौतुक चालले असताना, सोहळ्याच्या काही दिवस आधी 'खबर लहरिया'ने एक निवेदन काढले. माहितीपट प्रभावी आहे, हे मान्य करून त्यांनी म्हटले की, आपण जणू एकाच पक्षाच्या वार्तांकनाला वाहून घेतले आहे असे चित्र त्यात उभे राहते. प्रत्यक्षात आपण सर्वच पक्षांना प्रश्न विचारतो, आणि म्हणून ही आपली अपुरी कहाणी आहे.