पाणी काढायचे, पण कधी?

'फुप्फुसात पाणी झाले' असे आपण म्हणतो. खरे तर हे पाणी फुप्फुसाच्या बाहेर, त्याच्या दुहेरी आवरणाच्या दोन पदरांमध्ये साठते. एरवी तेथे वंगणापुरता द्रव असतो आणि दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी असतो. त्यामुळेच फुप्फुस फुललेले राहते. या दाबाकडे दुर्लक्ष झाल्याने किती माणसे दगावली, ते पाहू.

छातीवर बोटांनी ठोकले असता पाण्याच्या जागी बद्द आवाज येतो, हे व्हिएन्नाच्या औएनब्रुगरने १७६१ मध्येच लिहून ठेवले होते. पाणी ओळखले की ते काढावे, हे ओघानेच आले. १९१७-१८ मध्ये अमेरिकेच्या लष्करी छावण्यांत गोवरापाठोपाठ स्ट्रेप्टोकॉकस जंतूंचा न्यूमोनिया पसरला. जवानांच्या छातीत पाणी होई, पुढे त्याचा पू होई. शल्यचिकित्सक रूढ पद्धतीप्रमाणे बरगडीचा तुकडा काढून छाती लगेच उघडत. सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत.

चौकशीसाठी नेमलेल्या मंडळातील इव्हार्ट्स ग्रॅहॅमने कुत्र्यांवर प्रयोग केले. छातीला भोक पाडताच हवा आत शिरते आणि त्या बाजूचे फुप्फुस मिटते. पण दोन फुप्फुसांमधला पडदाही भिंतीसारखा ताठ नसतो. तो सरकतो आणि दुसऱ्या फुप्फुसावरही दाब येतो. न्यूमोनियाने आधीच धापा टाकणाऱ्याला हे कसे सोसावे? म्हणून ठरले: सुरुवातीचे पातळ पाणी सुईने ओढावे; पू घट्ट होऊन आवरणे एकमेकांना चिकटल्यावरच छाती उघडावी. मृत्यूंचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत आले. पेनिसिलिनचा शोध लागायला तेव्हा आणखी दहा वर्षे होती!

आम्हाला खटकते ते वेगळेच. हॅम्बुर्गचा ब्यूलाऊ १८७५ पासूनच छातीतली नळी बाटलीतल्या पाण्यात बुडवून ठेवत असे. पू बाहेर येतो, हवा आत जात नाही. वर्गात फुग्याने सहज दाखवता येईल असे हे तत्त्व. पण ते सर्वत्र रुजलेच नव्हते.

आज अतिदक्षता विभागात हाच प्रश्न रोज पडतो. उताण्या रुग्णाचे पाणी पाठीकडे पसरते, क्ष-किरण चित्रात नुसता धूसरपणा दिसतो. म्हणून खाटेपाशीच अल्ट्रासाउंडने पाहतात. श्वसनयंत्र फुप्फुसात दाबाने हवा भरत असते, तेव्हा सुई फुप्फुसाला लागली तर हवा वेगाने छातीत गळते. काढलेल्या पाण्यातले प्रथिन रक्तद्रवातल्या प्रथिनाच्या निम्म्याहून जास्त असेल, तर जंतुसंसर्गासारख्या कारणाचा संशय घ्यावा. ही लाइट यांची १९७२ मधील एक कसोटी. पू असेल तर नळी घालावीच लागते. हृदय दुर्बल झाल्याने साठलेले पाणी मात्र पुष्कळदा सुई न लावता, लघवी वाढवणाऱ्या औषधानेच ओसरते.