पहिली धार पिऊ नका

वाका, नाहीतर डोकं आपटेल. दार म्हणावं असं काही नाही, दगड आणि गवताळ ढेकळं रचून मधे ठेवलेली फट आहे. स्कॉटलंडच्या ईशान्येला, ग्लेनलिव्हेटच्या डोंगरात, 1823च्या जानेवारीत तुम्ही हातभट्टीवर येऊन पोचला आहात.

बाहेर कान बधिर करणारी थंडी, आत घामाच्या धारा. डोळे चुरचुरतात. आंबलेल्या जवाचा वास नाकात थांबत नाही, थेट घशात जाऊन बसतो. जुनिपरची लाकडं जळताहेत, कारण त्यांचा धूर कमी. धूर दिसला की अबकारीवाला आलाच. तांब्याच्या भांड्यातून निघालेली वेटोळी नळी ओढ्याच्या गार पाण्यात बुडवलेली आहे. गेलिकमध्ये कुजबुज होते, थेंब पडू लागतात. पहिल्या धारेची म्हणून हात पुढे करू नका! ती इथे बाजूला काढतात, विषारी असते. मधली धार खरी. घ्या घोट. जीभ भाजली? आता छातीत ऊब उतरू द्या. गेल्या ऑगस्टात एडिंबर्गला आलेल्या चौथ्या जॉर्ज राजालाही हीच हवी होती. कायदा त्याचाच, मोडणाराही तोच.

पहाटे तट्टं निघतात. पाठीवर दोन्ही बाजूंना पिंपं, माणसांच्या हाती सोटे. ती डोंगर ओलांडून दक्षिणेला जातील, तुम्ही नदी धरून समुद्राकडे चला. वाटेत बॅलिंडालॉकच्या किल्ल्याचे मनोरे दिसतील. आत जाऊ नका, तिथे तुम्हाला कोणी विचारणार नाही. या मुलखातल्या जमीनदारांचा खंड बराचसा चोरट्या दारूच्या पैशांतूनच येतो, त्यामुळे वाड्यातल्या नाकांना हा वास लागत नाही.

बकी या कोळीगावाच्या किनाऱ्यावर मात्र सगळा गलबला. शिंपल्यांचे ढीग, ओले दोर, माशांचं पाणी, वर कर्कश समुद्रपक्षी. पायाखाली बुळबुळीत दगड, सांभाळा. बायका घागरे वर खोचून बर्फासारख्या पाण्यात उतरतात आणि नवऱ्यांना पाठुंगळी घेऊन होडीपर्यंत पोचवतात. त्याला दिवसभर समुद्रात बसायचंय, त्याचे पाय कोरडे राहिले पाहिजेत. हिचे? हिला अजून माशांची जड टोपली पाठीवर घेऊन गावोगाव हिंडायचंय. किल्ले बघायला येणाऱ्यांनी आधी हे बघावं, असं माझं मत.

पुढच्याच वर्षी ग्लेनलिव्हेटचा जॉर्ज स्मिथ रीतसर परवाना काढेल. शेजारी त्याची भट्टी जाळायच्या धमक्या देतील आणि तो कमरेला दोन पिस्तुलं लावून फिरेल. आज ग्लेनलिव्हेट नावाच्याच डिस्टिलरीजवळून ‘स्मगलर्स ट्रेल्स’ नावाच्या पायवाटा निघतात. गेलात तर आधी डोंगर चढा, प्याला नंतर.